लेकीचा डान्स शो, कागदपत्रं आणि बाटलीतला घाम

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये लेकीनं एका वाहिनीच्या लहान मुलांच्या डान्स शोसाठी व्हिडिओ पाठवला आणि २०२५च्या एप्रिलमध्ये ती शोमधून बाहेर पडली. मधल्या काळात काय काय करावं लागतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा रोज वाटायचं. आता नोंदणी पुन्हा सुरू व्हायची वेळ आलीय आणि क्लासमधल्या आया फोन करून तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. वाहिनीचं नाव लिहीत नाही, करारात तशी अट आहे. लेकीचंही नाव लिहीत नाही. टीव्हीवर झालं तेवढं पुरे.

आम्ही भांडुपला राहतो. लेक तेव्हा सहावीत, अकरा वर्षांची. शाळेत लेझीम, सोसायटीच्या गणपतीत कोळी डान्स आणि स्टेशनजवळच्या क्लासमध्ये हिपहॉप, फी महिना पंधराशे. तिच्यापेक्षा लवचीक मुली क्लासमध्ये आहेत, तिच्यापेक्षा उंच उडी मारणारे मुलगे आहेत. हिचं एवढंच की ही नाचताना मजेत असते. अवघड स्टेपसुद्धा जाता जाता केल्यासारखी करते, आणि चुकली तर स्वतःच हसते. गणपतीत लोक तिला बघून खुर्च्यांवरून उठून नाचायला लागायचे. मला वाटायचं, हेच तिचं भांडवल.

व्हिडिओ ऑडिशन सोपी होती. दीड मिनिटाचा सलग व्हिडिओ, कट नको, फिल्टर नको, चेहरा आणि पाय दोन्ही फ्रेममध्ये. सोबत जन्मदाखला, आधार आणि आईवडलांपैकी एकाचं संमतीपत्र. फोन आडवा धरा, मागे रिकामी भिंत ठेवा. आम्ही गच्चीवर सकाळी आठला शूट केलं कारण नंतर पाण्याच्या टाक्यांची सावली पडते. पैसे काहीही लागले नाहीत, आणि हे मुद्दाम सांगते. ‘पंधरा हजार द्या, थेट दुसऱ्या फेरीत पाठवतो’ असा फोन आम्हालाही आला होता. असा फोन आला की सरळ ठेवून द्या. ऑडिशनला कुणी पैसे घेत नाही. खर्च पुढे आपला आपणच वाढवून घेतो, ते वेगळं.

प्रत्यक्ष ऑडिशन रविवारी, १५ डिसेंबरला, अंधेरीच्या एका शाळेत. मेसेजमध्ये नऊची वेळ होती. आम्ही सव्वासहाला पोहोचलो तर रांग गेटातून बाहेर येऊन वळून गल्लीत शिरलेली. कोल्हापूर, नांदेड, जळगावहून रात्रभर प्रवास करून आलेली मुलं मेकअपसकट फुटपाथवर झोपली होती. छातीवर चिकटवायचा नंबर मिळाला साडेदहाला, नाच झाला दुपारी चारला, नाचायला मिळालं मिनिटभर. तर चटई न्या, सुका खाऊ न्या, कॉस्च्यूम पिशवीत ठेवा आणि आधी पाचसहा नंबर उरले की घाला. झेरॉक्सचे चार संच न्या. जवळच्या झेरॉक्सवाल्यानं त्या दिवशी पानाला दहा रुपये लावले होते.

रांगेत असतानाच एक फॉर्म आला. पहिल्या पानावर नाव, उंची, ॲलर्जी वगैरे. नंतरची दोन पानं मात्र नुसती गोष्टीसाठी. घरची परिस्थिती. घरात कुणाचं आजारपण. कुणाचा विरोध. ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग.’ अकरा वर्षांच्या पोरीनं बराच विचार करून लिहिलं, ‘माझी सायकल चोरीला गेली, मग ती मिळाली.’ तिचा नाच बघून आत सगळे हसले, टाळ्या पडल्या. नंतर क्रिएटिव्हमधली एक मुलगी (शोची माणसं त्या टीमला नुसतं ‘क्रिएटिव्ह’च म्हणतात) फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. चोवीस-पंचवीसची असेल, सकाळपासून उभी, आवाज बसलेला. म्हणाली, “ताई, डान्स छान आहे. पण गोष्ट काय आहे तिची?” मी म्हटलं, “गोष्ट अशी काही नाही.” ती म्हणाली, “आठवून बघा ना.”

पुढच्या फेरीत घेतल्याचा निरोप आला १० जानेवारीला. आणि मग कागद सुरू झाले.

हा भाग कंटाळवाणा आहे पण नीट वाचा, कारण यातलं बरंच कुणी आपणहून सांगत नाही. लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आहे आणि कलाकार मुलांना त्यातून अटींवर सूट आहे. त्या अटी बालकामगार कायद्याच्या २०१७च्या सुधारित नियमांत आहेत. मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडू नये याची व्यवस्था निर्मात्यानं करायची. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. आणि मुलाच्या मनाविरुद्ध काही करून घ्यायचं नाही. हे सगळं पाळू असं हमीपत्र, त्याला फॉर्म सी म्हणतात, निर्माता जिल्हाधिकाऱ्यांकडे देतो आणि परवानगी घेतो. परवानगी सहा महिने चालते. शूटिंग गोरेगावला असल्यामुळे आमचं प्रकरण मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, वांद्रे पूर्वेला.

अर्ज निर्मात्यानं करायचा असतो, आपण नुसते कागद पुरवायचे. आमचं एक अडलं. जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी दाखल्याची प्रत दिल्यावर सुटलं, पण आठवडा गेला. तुमचंही असंच असेल तर तो दाखला आधीच काढून ठेवा. शाळेचं बोनाफाइड आणि मुख्याध्यापकांचं ना हरकत पत्र लागलं. आमच्या बाई म्हणाल्या, “जाऊ दे तिला, पण परीक्षेला बसलीच पाहिजे.” डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. मुलीचं पॅन कार्ड. लहान मुलांचंही निघतं, शंभर-सव्वाशे रुपयांत, त्यावर फोटो नसतो. तिच्या नावानं खातं होतं ते खासगी बँकेत, म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेत नवं उघडलं. करार पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. शंभराचा आता चालत नाही, २०२४च्या ऑक्टोबरपासून राज्यात किमान मुद्रांक शुल्कच पाचशे झालंय.

करार इंग्रजीत, बावीस पानांचा. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका वकिलांना दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिलीनं रेघ मारली. एक, चित्रीकरण कुठल्याही माध्यमात, जगात कुठेही, कायमचं वापरण्याचा हक्क वाहिनीचा. दोन, स्पर्धकाच्या आयुष्यातले प्रसंग ‘नाट्यमय’ करून दाखवण्याचा हक्कही त्यांचाच. “पहिलं बदलणार नाहीत,” ते म्हणाले, “दुसरं विचारून बघा.” विचारलं. फोनवर उत्तर आलं, “स्टँडर्ड क्लॉज आहे, मॅडम.” आम्ही सही केली. मुलीला जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तिला तिथे बघायचं होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एव्हीचं शूट झालं. एव्ही म्हणजे स्पर्धक स्टेजवर येण्याआधी त्याची जी छोटी फिल्म दाखवतात ती. युनिट पहाटे साडेचारला घरी. आमचा वन बीएचके दिग्दर्शकाला पसंत पडला नाही, फार ‘ओके’ वाटत होता. गच्ची चालली. ठरलं असं की मुलगी रोज पहाटे अंधारात एकटी गच्चीवर सराव करते. (रोज पहाटे ती ढाराढूर झोपलेली असते.) फेब्रुवारीची थंडी, त्यातून वारा, घाम काही येईना. तेव्हा मेकअप दादांनी एक स्प्रेची बाटली काढली. कपाळाला, मानेला, वरच्या ओठावर एक एक फवारा. थेंब जागचे हलत नव्हते, टपोरे, दिव्यात चमकणारे. मी विचारलं तर म्हणाले, “पाण्यात ग्लिसरीन आहे, ताई. नुसतं पाणी ओघळून जातं.” लेकीला भलतीच गंमत वाटली. तिनं बोटानं एक थेंब टिपून चाखला आणि म्हणाली, “खरा घाम खारट असतो, हा गोड आहे.”

मग तिनं धापा टाकायच्या होत्या. तिला ते जमेना कारण ती दमलेलीच नव्हती. जिने उतरून चढून ये म्हणाले. ती चार मजले उतरून चढून आली आणि तरी हसतच आली.

ते एव्ही टीव्हीवर बघितलं तेव्हा मला रडू आलं, हेही लिहिलं पाहिजे. शूटला मी तिथेच, बाटलीपासून दोन हातांवर उभी होते. तरीही आलं. मागे पेटी वाजत होती, अंधारात पोरगी एकटी, कपाळावर घाम, आणि माझा हुंदका आपसूक आला. या गोष्टीची ताकद कमी लेखू नका.

मेगा ऑडिशन, म्हणजे परीक्षकांसमोरची फेरी, फिल्म सिटीत. भांडुपहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं रिक्षाला दोनशे-सव्वादोनशे रुपये, ट्रॅफिक असेल तर वेळेचा भरवसा नाही. निवड होईपर्यंत प्रवासखर्च आपला, नंतर गाडी येते. तिथे लेक तिच्या पद्धतीनं नाचली. तीन परीक्षकांपैकी दोघांनी हो म्हटलं. तिसरे म्हणाले, “बेटा, मजा आली. पण मला मेहनत दिसली नाही.”

मी त्यांना दोष देत नाही. बघणाऱ्याला मेहनत दिसायला हवीच असते. दहीहंडीला काय बघतो आपण? जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं २०१२ मध्ये ठाण्याला नऊ थर लावले, ४३.७९ फूट, गिनीजमध्ये नोंद झाली. आकडा लक्षात राहतो, पण गर्दीचा श्वास अडकतो तो खालच्या थरातल्या माणसाचे पाय थरथरताना दिसले की. सरसर चढून सरसर उतरणाऱ्या पथकाला टाळ्या पडतात. डळमळून सावरणाऱ्याला आरोळी मिळते. आमच्या क्लासच्या भिंतीवर दोन पोस्टर आहेत. एक वसईकडच्या किंग्ज युनायटेडचं, ज्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकली. दुसरं मुंबईच्या व्ही अनबीटेबलचं, ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’च्या चॅम्पियन्स पर्वातले २०२०चे विजेते. माणसावर माणूस, हवेत फेकलेलं पोर आणि ते झेलणारे हात. ज्यांच्याकडे सरावाला धड जागाही नाही त्यांनी अंगमेहनतीच्या जोरावर जग जिंकलं, हे बघून भांडुपच्या पोरांच्या अंगावर काटा येणारच. फक्त त्या ‘व्ही’चा अर्थ क्लासमधल्या फार थोड्या पालकांना माहीत आहे. विकास नावाचा त्यांचा साथीदार सरावात पडून कायमचा जायबंदी झाला आणि पुढे वारला. ते अक्षर त्याचं आहे.

दुसऱ्या बाजूला माझी आई. ती प्रशांत दामल्यांची नाटकं बघत आली आहे. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये षण्मुखानंदला त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. एवढे प्रयोग करणाऱ्या माणसाची मेहनत केवढी असेल, पण स्टेजवर बघताना वाटतं की हा आत्ताच सहज घरातून उठून आलाय. आईच्या मते नातीला त्या वळणाचं काहीतरी जमतं. मला दोन्ही आवडतं. पण टीव्हीच्या स्पर्धेत परीक्षकाला नव्वद सेकंदांत काहीतरी मोजायचं असतं, आणि सहजता मोजायची कशी? कोलांट्या मोजता येतात.

म्हणून पुढच्या फेरीपासून शोच्या कोरिओग्राफरनं कोलांट्या घातल्या. गुडघ्यांवर पडणं घातलं, ज्याला ही मुलं ‘नी ड्रॉप’ म्हणतात. ती शिकली, पटकन शिकली. माणूस चांगला होता. मॅट असायची, आधी हार्नेसवर करून घ्यायचा. पण नाचाचा स्वभावच बदलला. आधी ती गाण्यात असायची, आता पुढच्या उडीची वाट बघत असायची.

शूटिंगच्या दिवसाबद्दल थोडं. कॉल टाइम सकाळी नऊ म्हणजे गाडी सातला. मेकअप, केस, टेक्निकल, म्हणजे दिवे आणि कॅमेऱ्यासोबतची तालीम. मग वाट बघणं. स्टेजवर नंबर कधी दुपारी दोनला, कधी संध्याकाळी सहाला. पाच तासांचा नियम असला तरी ‘काम’ कशाला म्हणायचं यावर सगळं अडतं. वाट बघणं कामात धरत नव्हते. मी एका वहीत रोज वेळा लिहायला लागले: पोहोचलो, मेकअपला बसली, तालीम, जेवण, स्टेज, सुटका. मुलांसाठी नेमलेल्या ताईंना दर शूटला ती वही दाखवून सही मागायची. भांडण नाही, आवाज नाही. दुसऱ्या आठवड्यापासून लेकीचा नंबर लवकर लागायला लागला. हे नक्की करा. जेवण चांगलं असायचं. एसी प्रचंड असतो, स्वेटर न्या. गृहपाठ न्या, होतो.

टाळ्या आणि थक्क झालेले चेहरे बऱ्याचदा वेगळे शूट होतात. समोर बसलेले प्रेक्षक रोजावर आलेले असतात आणि दिवसभर इशाऱ्याबरहुकूम उभे राहतात, त्यांचे पाय आमच्या मुलांपेक्षा जास्त दुखत असतील. एक कॅमेरा कायम पालकांवर असतो. मला एकदा सांगण्यात आलं, “मॅडम, तुम्ही फार शांत बसता. थोडे हात जोडा.” मी हात जोडले. देव्हाऱ्यासमोरसुद्धा इतक्या कळकळीनं जोडत नाही.

मार्चच्या मध्याला तिचा उजवा गुडघा दुखायला लागला. गुडघ्याच्या जरा खाली हाडाला सूज, जिना चढताना कळ. ऑर्थोपेडिककडे नेलं, फी आठशे, एक्सरे सहाशे. त्यांनी नाव सांगितलं, ऑसगुड-श्लाटर. उंची वाढत असताना उड्या आणि धावपळ जास्त झाली की मांडीचा स्नायू गुडघ्याखालच्या कोवळ्या हाडाला जिथे जोडलेला असतो तिथे ताण येतो. खेळणाऱ्या मुलांमध्ये पुष्कळदा दिसतं, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. बर्फ, विश्रांती, मांडीचे व्यायाम, आणि उड्या बंद. “नाचू दे,” ते म्हणाले, “पण गुडघ्यांवर आपटायचं नाही.”

मी ते लेखी घेतलं आणि क्रिएटिव्हला पाठवलं. अपेक्षा अशी की कोरिओग्राफी बदलतील. बदलली, अर्ध्या तासात, काही कटकट नाही. आणि सोबत दुसरा निरोप आला: “उद्या एव्ही करू या. डॉक्टरांकडे शूट मिळेल का?”

डॉक्टरांनी नाही म्हटलं. मग सेटच्या मागच्या पॅसेजमध्ये केलं. गुडघ्याला क्रेप बँडेज, ते जाड दिसावं म्हणून आत कापूस. लेकीनं पॅसेजच्या टोकापासून लंगडत यायचं, भिंतीला हात धरून थांबायचं, डोळे मिटायचे, पुन्हा निघायचं. पहिल्या टेकला ती फारच नीट चालली. सपाट जमिनीवर चालताना तिला दुखत नव्हतंच, जिन्यावर दुखायचं. दुसऱ्या टेकला फोकस गेला. मग दिवे बदलले, बँडेज सोडून पुन्हा बांधलं, वीस मिनिटं गेली. तिसऱ्या टेकला ती सुरेख लंगडली. भिंत धरली, ओठ चावला. सगळे मॉनिटरभोवती “क्या बात है” म्हणाले. आणि मला दिसलं की ती डावा पाय ओढत होती. दुखत होता उजवा. बँडेजही उजव्यालाच.

मी बोलायला तोंड उघडलं तोवर पॅकअप झालं होतं. गाडीत तिला विचारलं. म्हणाली, “माहितीये. उजव्यावर जोर दिला की दुखतं, मग लंगडायला डावा बरा पडतो.”

तोच टेक प्रसारित झाला. एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. लातूरच्या कुठल्या आजीनं अंगारा पाठवला. सोसायटीत लोक लिफ्ट थांबवून धरायला लागले. त्या आठवड्यात उड्या काढून टाकलेला तो साधा नाच तिनं केला, पहिल्यासारखा, मजेत. परीक्षक उभे राहिले. मेहनत दिसली नाही म्हणणारे म्हणाले, “आज तू रडवलंस.” संपूर्ण शोमधले तिचे सर्वांत जास्त गुण त्या दिवशीचे. नाच खरंच चांगला झाला होता, म्हणून तर मला जास्त वाईट वाटलं. तो चांगला झाला म्हणून गुण मिळाले की बँडेजमुळे, हे तिला कधीच कळणार नाही. तिनं मला विचारलंसुद्धा. मी म्हटलं नाचामुळे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

पुढच्या शूटच्या आधी फोन: “गुडघा कसा आहे?” मी आनंदानं सांगितलं, सूज उतरली. पलीकडे क्षणभर शांतता, मग “अरे वा.” त्या भागात तिचं एव्ही फारच छोटं होतं. दुसऱ्या एका मुलाच्या वडलांची नोकरी गेली होती, त्यांचं मोठं होतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती बाहेर पडली. निकालानंतर तिला रडू आलं नाही. तिला घरी जाऊन झोपायचं होतं. निरोपाचा शॉट दोनदा घेतला.

यात कुणी खलनायक नव्हतं, हे मी नवऱ्याला अजूनही सांगत असते. ती बसलेल्या आवाजाची क्रिएटिव्हमधली मुलगी शेवटच्या दिवशी लेकीला मिठी मारून खरोखर रडली, कॅमेरा बंद असताना. २०१९च्या जूनमध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सूचनापत्र काढलं होतं, डान्स शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांसारखे अश्लील हावभाव करायला लावू नका म्हणून. त्याचा परिणाम मला सेटवर दिसला. कपडे, गाणी, स्टेप्स, सगळ्यावर बारीक नजर असायची. दुःखाचे हावभाव कुणी तपासत नव्हतं.

परीक्षा तिनं दिली, गणितात घसरली, बाकी ठीक. आमचा खर्च, क्लासच्या जादा तासांसकट, रिक्षा, डॉक्टर, एक भाड्याचा आणि दोन विकतचे कॉस्च्यूम, माझी बिनपगारी रजा धरून पंचेचाळीस हजारांच्या आसपास गेला. मानधन एकूण साठ हजारांच्या घरात, ते आलं जुलैच्या शेवटी, चार वेळा मेल केल्यावर. त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला. वीस टक्क्यांची मुदत ठेव तिच्या नावानं झाली, पावती मागून घ्यावी लागली, ती मागाच. मुलानं स्वतःच्या कलेवर मिळवलेले पैसे आईवडलांच्या उत्पन्नात धरले जात नाहीत, ते त्याचेच. म्हणून कापलेला टीडीएस परत हवा असेल तर मुलाच्या पॅनवर पालकानं रिटर्न भरायचं. ठेवीवरचं व्याज मात्र पालकाच्या उत्पन्नात येतं.

जूनपासून ती पुन्हा क्लासला जाते. गुडघ्याला आता त्रास नाही, नी ड्रॉप सरांनी बंदच ठेवलेत. बारकी मुलं तिच्याभोवती जमतात आणि धापा कशा टाकायच्या ते दाखव म्हणतात. ती दाखवते, अगदी हुबेहूब, आणि मग सगळी खो खो हसत सुटतात. परवा एका आईनं मला बाजूला घेतलं. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, नाचतो छान. परवानगी कोण काढतं, रजा किती लागते, वहीत काय लिहायचं, सगळं तिनं नीट मोबाइलवर टिपून घेतलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “आणि ते घामाचं नेमकं प्रमाण काय असतं हो? व्हिडिओ ऑडिशनलाच मारून पाठवला तर?”

मी तिला म्हटलं, व्हिडिओत फिल्टर चालत नाही असं लिहिलंय, ग्लिसरीनबद्दल काही लिहिलेलं नाही.